सख्ख्या पुतणीची फी

आमच्या घरात कोणतीही यंत्रवजा वस्तू माझ्या तपासणीशिवाय विकत घेतली जात नाही. ही प्रथा मी सुरू केलेली नाही. तंत्रनिकेतनातून यांत्रिकीची पदविका घेऊन मी कारखान्यात लागलो आणि निवृत्त होईपर्यंत बाहेरून येणारा माल तपासत राहिलो, एवढ्या आधारावर भावकीने ती परस्पर ठरवून टाकली. विहिरीवरचा पंप असो, भाताचे मळणीयंत्र असो, की लग्नात द्यायचा मिक्सर असो, "भाऊंना दाखवलं का?" असे विचारल्याखेरीज कोणी खिशात हात घालत नाही. त्यामुळे माझा धाकटा भाऊ केरबा आंदर मावळातल्या आमच्या गावाहून खास त्यासाठी माझ्याकडे लोणावळ्याला आला आणि चैतालीला मोबाइलवरचा कोर्स घ्यावा की नाही ते सांगा म्हणाला, तेव्हा मला त्यात काहीच वावगे वाटले नाही.

चैताली ही केरबाची थोरली मुलगी. तिच्याकडे स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका आहे. कनिष्ठ अभियंत्याची सरकारी परीक्षा तिने एकदा दिली होती आणि ती थोडक्यात हुकली होती. आता पुन्हा जागा निघाल्या होत्या. मागची भरती आणि ही भरती यांत गेलेला काळ पाहता, या वेळी हुकली तर पुढची संधी तिला कधी मिळेल, हे कोणीही सांगू शकत नव्हते. परीक्षा दिवाळीच्या सुमारास होणार होती.

"शेजारच्या गौरवनं घेतलाय कोर्स," केरबा म्हणाला. "त्याची आई शकुबाई सगळ्या आळीला सांगत फिरती. आमची पोरगी म्हनती, मलाबी पायजे. पर भाऊ, मोबाइलवर शिकून कुनी साहेब व्हतंय व्हय? तुमी बघा. तुमी म्हनाल तसं."

मी बघतो म्हणालो. कोणत्याही पुरवठादाराचा माल बघायचा, तशाच रीतीने मी बघायला घेतले.

प्रथम कोर्सवाल्या संस्थेला फोन केला. पलीकडे निलेश नावाचा एक उत्साही गृहस्थ होता.

"सर, आजच घ्या. आज रात्री ऑफर संपते."

"उद्या काय होतं?"

"उद्या सर... उद्या नवीन ऑफर येते, पण ती वेगळी असते."

"तुमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण निवडले गेले?"

"भरपूर सर. आमच्या जाहिरातीत फोटो आहेत ना."

"त्यातल्या पहिल्या मुलीचा फोटो मी दुसऱ्या दोन संस्थांच्या जाहिरातींतही पाहिला."

"ती हुशार आहे सर," निलेश म्हणाला.

एकूण विद्यार्थी किती आणि त्यांतले उत्तीर्ण किती, हे दोन आकडे मी त्याच्याकडे तीन वेळा मागितले. तिसऱ्या वेळी त्याने मला डेमो लेक्चरची लिंक पाठवली. हा प्रकार माझ्या परिचयाचा होता. पुरवठादार जो नमुना स्वतःच्या हाताने आणून देतो, त्यावरून मालाची पारख करायची नसते, कारण तो नमुना त्याने घासूनपुसून आणलेला असतो. तुकडा आपण उचलायचा, आणि तोही ढिगाच्या मधून उचलायचा.

म्हणून त्या उन्हाळ्यात मी गावी गेलो आणि गौरवच्या खात्यातून तपासणी केली. गौरव हा चैतालीबरोबरच शिकलेला, स्वभावाने गरीब आणि झोपाळू मुलगा. गावात रेंज नाही. ती वरच्या टेकाडावर येते. तो तिथे जाऊन व्याख्याने उतरवून घेत असे आणि खाली ओटीवर बसून बघत असे. मी पहिले पाठ सोडले, शेवटचे सोडले, आणि मधले निवडले. मृदा यांत्रिकी, पाणीपुरवठा, सर्वेक्षण. माझा विषय तो नव्हे, परंतु गणित आणि एकके तीच असतात. एका सोडवलेल्या उदाहरणात शिक्षक किलोन्यूटनवरून हजाराने न गुणता थेट न्यूटनवर आला होता आणि उत्तर मात्र त्याने बरोबर काढले होते. म्हणजे त्याने ते पुस्तकातून उतरवले होते. शंकानिरसनाच्या भागात गौरवने संक्रांतीच्या आधी एक प्रश्न विचारला होता, आणि उत्तरादाखल कोणीतरी वर केलेल्या अंगठ्याचे चित्र पाठवले होते.

"हे काय रे?" मी विचारले.

"प्रश्न आवडला असंल त्यांना," गौरव म्हणाला.

शिक्षक वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण त्याच शिक्षकाची तीच व्याख्याने, किंचित जुनी, इंटरनेटवर फुकट उपलब्ध होती. प्रश्नसंच म्हणून जो दिला होता, तो म्हणजे मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या. त्या कोणालाही मिळतात. मी दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. फरक सापडला तो वेष्टनात.

निकाल मी केरबाच्या घरी, सर्वांसमोर दिला. "कोर्स घेऊ नये. तेच शिक्षण फुकट मिळतं."

केरबाची बायको रतनबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "बगा! मी म्हनतच हुते."

"म्हंजी न घेतल्यानं काई बी नुकसान न्हाई?" केरबाने खात्री करून घेतली.

"काहीही नाही."

मी लोणावळ्याला परतलो, सर्व आवश्यक व्याख्याने निवडून एका मेमरी कार्डात भरली, विषयवार क्रम लावून वेळापत्रक तयार केले, आणि केरबाकडे पाठवून दिले. माझ्या दृष्टीने ते काम निर्दोष होते. आजही त्यात मला चूक दाखवता येत नाही, आणि संताप येतो तो त्याचाच.

आषाढात मी पुन्हा गावी निघालो. रविवार निवडला हे चुकले. भुशी धरणाकडे जाणाऱ्या मोटारींनी सारे लोणावळे तुंबवले होते, रिक्षावाला स्टेशनापर्यंत यायला तयार नव्हता, आणि मी छत्री सांभाळत चालत जाऊन लोकल पकडली. कान्ह्याला उतरून टाकव्याची जीप मिळवण्यात आणखी वेळ गेला. घरी पोचलो, तर ओटीवर कोणी नव्हते. घरामागे गावातल्या एकाच्या खाचरात भाताची लावणी चालली होती आणि ओळीत वाकलेल्या बायकांमध्ये चैताली होती, गुडघाभर चिखलात.

"आज सुट्टी दिसते," मी म्हणालो.

"रोजच असते, आबा," ती म्हणाली आणि रोपांची मूठ सोडवू लागली.

दुपारी मी तिला बसवून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला दिली. उन्हाळ्यात जे प्रश्न तिने माझ्यासमोर सहज सोडवले होते, त्यांतले निम्मेदेखील आता येत नव्हते. सर्वेक्षणाची उदाहरणे तिने कोरी सोडली.

"हा भाग वेळापत्रकाप्रमाणे मागच्या महिन्यात व्हायला हवा होता."

"हो."

"मग का झाला नाही?"

"तुम्ही आज राहणार आहात ना? बघा," ती म्हणाली.

मी राहिलो आणि बघितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसली. व्याख्यान सुरू होताच रतनबाईने हाक मारली, "चैते, म्हशीला पानी दाव." ती उठली. परत आली, बसली. "चैते, त्या डब्याचं बग जरा, दादा शेतावर गेल्यात." केरबाला घरात दादा म्हणतात. ती उठली. परत आली. मग गावातला नथू आला. लावणीच्या दिवसांत आमच्याकडे सावड चालते. आज सगळ्यांनी मिळून एकाचे खाचर लावायचे, उद्या दुसऱ्याचे, आणि प्रत्येक घराने एक माणूस द्यायचा. कोणाकडे कधी जायचे ते नथू सांगतो.

"वैनी, आज अंबाजीच्या वावरात. तुमच्याकडनं कोन?"

"चैती येईल की. बसलीच हाय मोबाइल बगत."

"मी अभ्यास करतेय, आई," चैताली म्हणाली.

"मंग? फुकाटचं तर हाय त्ये. पळून चाललंय का? सांजच्याला बग."

"संध्याकाळी स्वयंपाक असतो."

"मंग उद्या बग."

नथू हसून म्हणाला, "मोबाइल तर आमीबी बगतो गं. आमाला कुटं कोन साहेब करतंय!"

चैताली उठली. मला राहवले नाही म्हणून मी विचारले, "नथू, शेजारून गौरव का येत नाही सावडीला?"

"त्येचा क्लास असतो न्हवं," नथू गंभीरपणे म्हणाला. "पैसं भरल्यात त्येनं."

मी उठून शेजारच्या ओटीवर गेलो. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला होता, त्यातून शिक्षक पाण्याच्या टाकीचा आराखडा समजावत होता, आणि गौरव उशाला दप्तर घेऊन गाढ झोपला होता. मी त्याला हलवणार, एवढ्यात शकुबाई आतून धावत आली.

"आबा, हात नका लावू त्याला! क्लास चालू हाय."

"अहो, तो झोपलाय."

"झोपला तरी कानावर पडतंय की. पैसं भरल्यात आमी. तुमच्यावानी फुकाटचं न्हाई."

मी ओटीवरून उतरलो. माझ्या तपासणीत ही बाब कोठेही नव्हती. व्याख्याने मी तपासली, उदाहरणे तपासली, शिक्षक तपासला. पैसे भरलेल्या वस्तूला घरात जागा मिळते आणि न भरलेल्या वस्तूला मिळत नाही, ही तपासायची बाब आहे, हे मला कोणत्या तंत्रनिकेतनात शिकवले जाणार होते?

संध्याकाळी मी केरबाला समोर बसवले आणि शक्य तितक्या शांतपणे सांगितले की अभ्यासाला सलग वेळ लागतो, तुटक तुटक वेळ कितीही मिळाला तरी तो सलग होत नाही.

"व्हय," केरबा म्हणाला.

"म्हणजे उद्यापासून तिला उठवायचं नाही."

"न्हाई उठवत."

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच तिला खताची गोणी धरायला बोलावले. मी ओरडलो. तो मनापासून गोंधळला.

"भाऊ, तुमीच म्हनालात न्हवं, पैसं घालायचं काम न्हाई म्हनून? मंग आता नुकसान कशाचं व्हतंय? ते कार्ड हाय तितंच हाय. गेलं का कुटं?"

"तिची परीक्षा जाईल, केरबा!"

"परीक्षा दिवाळीला हाय. लावनी आत्ता हाय."

लावणी आत्ताच होती, हे खरे होते. तो गोणी ओढत निघून गेला.

दुपारी मी चैतालीला म्हणालो, "ठीक आहे. तो कोर्स घेऊन टाकू. मी बोलतो केरबाशी."

"आता ऑफर नाही, आबा. दर वाढलेत. आणि दादा विचारतील, उन्हाळ्यात नको म्हणालात, आता का हो म्हणता? काय सांगाल?"

खरोखर काय सांगणार होतो? माल तोच होता. नाकारलेल्या मालावर, तो बदललेला नसताना, नंतर मंजुरीची सही करायची, हे मी कारखान्यात कधी केले नव्हते. वरिष्ठांनी दबाव आणला तेव्हाही केले नव्हते.

"मग तू माझ्याकडे लोणावळ्याला ये राहायला."

"आईची कंबर धरलीये. रात्रीचं आणि पहाटेचं काम मला करावंच लागतं. मला दिवसभर नकोय, आबा. सकाळचे चार तास हवेत. पण ते माझे असायला हवेत. तुम्हीच घ्या क्लास. इथे येऊन. समाजमंदिराची खोली रिकामी असते."

"घेतो. लावणी आटपेपर्यंत राहतो मी इथे."

"पण फी घ्या."

"काय?"

"दादांकडून फी घ्या. आगाऊ."

"तुझ्याकडून? सख्ख्या पुतणीकडून? अगं, लोक तोंडात शेण घालतील माझ्या. आणि मी शिकवणार काय तुला? तुझा विषय मला येत नाही. मी नुसता बसणार."

"नुसते बसा. फुकट बसलात, तर तिसऱ्या दिवशी दादा तुम्हालाही गोणी धरायला लावतील."

मी तिच्यावर रागावलो. तंत्रशिक्षण घेतलेल्या मुलीने असे बोलावे, याचाही राग आला. एक तास मी ओटीवर येरझाऱ्या घातल्या आणि दुसरा मार्ग शोधला. समजावणे करून झाले होते, ओरडणेही झाले होते. दुसरा मार्ग नव्हता.

रात्रीच्या जेवणाला मी केरबाला सांगितले, "गुरुवारपासून मी चैतालीचा क्लास घेणार आहे. सकाळी सात ते अकरा. कोर्सवाले जेवढे घेतात तेवढीच फी पडेल. निम्मी आधी."

केरबाचा घास हातात राहिला. "चेष्टा करता का भाऊ?"

"नाही."

"सख्ख्या पुतनीची फी?"

"हो."

"ह्या वयात दुकान टाकलं व्हय तुमी!" रतनबाई पदर सावरत म्हणाली. "पेन्शन पुरंना का? माज्या हातची भाकरी खाताय, तिचं बी बिल लावू का मंग?"

"लाव. पण फी वेगळी."

"घरातलं मानूस हाय, थोडं कमी करा की," केरबाने नेहमीच्या सवयीने सुरुवात केली.

"कमी होणार नाही."

वडील गेल्यापासून केरबाने माझ्याशी वाकडा शब्द बोललेला मला आठवत नाही. त्या रात्रीही बोलला नाही. मुकाट्याने उठून हात धुवायला गेला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होते. चैताली ताटाकडे पाहून जेवत होती. तिने माझ्या बाजूने एक शब्द उच्चारला नाही. तिने बोलूही नये, असेच आमचे ठरले होते, तरीही मला तिचा राग आला.

बुधवारी संध्याकाळी केरबाने पैसे आणून माझ्यापुढे ठेवले. "मोजून घ्या. नंतर कमी हायत म्हनू नका," एवढेच म्हणाला. माझ्या मनात होते की लावणी संपली की रतनबाईच्या हाती ते परत करावेत. चैतालीला मी तसे सांगितले, तर ती भडकलीच.

"अजिबात नाही. आईला कळलं की सगळ्या आळीला कळेल, आणि मी परत चिखलात. खर्च करा. पुस्तकं आणा, जीपला घाला. काहीही करा, पण परत देऊ नका."

अशा रीतीने मी माझ्या भावाचे पैसे घेतले आणि ठेवून घेतले. भावकीत बातमी फिरली. मी टेकाडावर रेंजला गेलो तेव्हा परंदवडीच्या बहिणीने फोन करून "म्हातारपणी माणूस बदलतं" असे ऐकवले. शकुबाईने मात्र पहिल्यांदाच मला ओटीवर बोलावून चहा दिला आणि "आबा, तुमच्या क्लासला सुट्टी कवा असती?" असे आदराने विचारले.

क्लासमध्ये मी काय करत होतो? चैताली समाजमंदिराच्या सतरंजीवर बसून कार्डातली व्याख्याने ऐकत असे, थांबवत असे, उदाहरणे सोडवत असे. मी दाराशी खुर्ची टाकून बसत असे. तीच व्याख्याने, तेच वेळापत्रक. ज्या मालाला मी उन्हाळ्यात मंजुरी दिली होती, तोच माल आता चालू लागला होता, आणि त्यासाठी मला लोभी ठरावे लागले होते. पहाटे रतनबाई स्वतः तिला उठवू लागली. "ऊठ गं, तुजा चुलता पैसं घिऊन बसलाय तितं. एक मिनिट सोडू नगंस त्येला." कंबर धरून का होईना, म्हशीला पाणी तीच दाखवू लागली.

केरबाच्या स्वतःच्या खाचराची लावणी आली, त्या सकाळी मात्र मला खात्री नव्हती. स्वतःच्या वावरात सगळे गाव राबत असताना घरची मुलगी नाही, हे आमच्याकडे शोभत नाही. मी मनाची तयारी करून ठेवली होती. समाजमंदिराच्या दारातून खाचर दिसते. नथू बांधावर उभा राहून मोठ्याने विचारत होता, "केरबा, पोरगी कुटंय? घरची लावनी आन् घरचं मानूस न्हाई?"

केरबाने चिखलातून मान वर केली. "क्लासला हाय. तिचं सोड. तिच्या जागी मी दोन मानसं मजुरीनं आनल्यात, दिसंनात का?"

चैतालीने ते ऐकले. तिने पेन्सिल थांबवली नाही.

थोड्या वेळाने तिने एक उदाहरण माझ्यापुढे धरले. मातीच्या थराखालच्या दाबाचे होते. ते तिला सुटत नव्हते आणि व्याख्यानातही नव्हते. मला ते मुळीच येत नव्हते. मी चष्मा लावून पुस्तकातले संबंधित प्रकरण वाचू लागलो आणि ती पुढचा पाठ ऐकू लागली. एवढ्यात दारात सावली पडली. केरबा होता. पायांना मांडीपर्यंत चिखल, डोक्याला पाऊस अडवणारे इरले. तो आत आला नाही. त्याने आधी चैतालीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडे.

"भाऊ, तुमी वाचताय," तो म्हणाला.

"हो."

"आन् ती एकटीच बगती."

"तिला एक उदाहरण अडलंय. ते मी आधी समजून घेतोय."

"म्हंजी तुमाला येत न्हाई?"

मी खोटे बोलू शकलो नाही. "अजून नाही."

केरबाने इरले मागे सारले. वडील गेल्यानंतर प्रथमच त्याच्या स्वरात मला राग ऐकू आला. "मंग घरनं शिकून येत जा की! एवढं पैसं मोजल्यात आमी. पोरीचा टाइम जातोय हितं."

चैताली मान खाली घालून हसू दाबत होती. मला हसू आले नाही. मी पुस्तकात बोट घालून उभा होतो, सहासष्टाव्या वर्षी, धाकट्या भावापुढे.

"उद्या तयारी करून येईन," मी म्हणालो.

"या," केरबा म्हणाला, आणि दार बाहेरून नीट ओढून घेऊन खाचराकडे गेला.